लेझीमचे पथक

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात राजूर हे बाजाराचे गाव आहे. अकोल्याहून भंडारदऱ्यास जाणारा रस्ता या गावावरून जातो. भोवतालच्या डोंगरांतील वाड्यांवर महादेव कोळी व ठाकर या समाजांची वस्ती मोठी असून त्यांच्या मुलांसाठी चालविलेल्या शासकीय आश्रमशाळांचा कारभार राजूरच्या प्रकल्प कार्यालयाकडे असतो. स्वातंत्र्यदिन जवळ येऊ लागला, की महाराष्ट्रातील इतर शाळांप्रमाणे या भागातही लेझीमचा सराव सुरू होतो. श्रावणातल्या सरींनी पटांगणाचा चिखल झाला, तर पथक ओसरीवर उभे राहते. साखळ्यांना गंज चढू नये म्हणून त्यांना तेल द्यावे लागते, ते निराळेच!

लेझीम म्हणजे लाकडी दांड्याच्या दोन टोकांना जोडलेली लोखंडी साखळी. साखळीत पातळ चकत्या ओवलेल्या असतात व मध्यभागी धरावयास मूठ असते. दांडा आणि मूठ परस्परांपासून दूर नेली, की साखळी ताणली जाऊन चकत्या खणखणतात. जवळ आणली, की पुन्हा वाजतात. या उघडझापेला पावलांची, बैठकांची व वळणांची जोड दिली आणि हलगीचा ठेका धरला, म्हणजे लेझीमचा खेळ उभा राहतो. दंड, मांड्या व छाती यांना त्याने चांगलाच व्यायाम घडतो. १९८२ साली दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धांचे उद्घाटन झाले, तेव्हा महाराष्ट्राच्या लेझीमपथकाने तेथेही हा खेळ करून दाखविला होता.

या खेळात एक अडचण मात्र आहे. कवायतीत एखाद्याचा हात चुकला, तर तो दिसतो. लेझीममध्ये तो ऐकूही येतो. चाळीस साखळ्या एकदम वाजाव्यात आणि त्यांच्यामागून एकटीच एक साखळी खणकावी, असे झाले की सारे पथक त्या मुलाकडे वळून पाहते. कोणी हसतेही. अशा वेळी शिक्षक काय बोलतात, यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

ते रागावून नुसते “चुकलास!” म्हणाले, तर मुलास आपण चुकलो एवढेच कळते, आणि ते तर त्याला आधीच कळलेले असते. “दोन म्हटले की डावा पाय पुढे टाक,” असे सांगितले, तर त्याला करावयाचे काम मिळते. पहिल्या बोलण्याचा परिणाम मोठा विचित्र होतो. दोनचार वेळा हसू झालेला मुलगा हळूच एक युक्ती शोधून काढतो. तो हात हालवितो, पावले टाकतो. परंतु साखळी ताणूच देत नाही. पाहणाऱ्यास सर्व ठीक वाटते, पथकाचा नाद मात्र पातळ होतो. त्या मुलाची चूक आता कोणास ऐकू येत नाही, म्हणून ती सुधारतही नाही. आणि काही दिवसांनी तो सरावास येईनासा होतो. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही हानी लहान म्हणता येणार नाही.

म्हणून जाणता शिक्षक आरंभी लेझीम हाती देतच नाही. प्रथम एक, दोन, तीन, चार अशा आकड्यांवर केवळ पावले. ती बसली म्हणजे हातांच्या हालचाली. मग लेझीम आणि अखेरीस हलगी, तीही संथ लयीत. ज्याचे पाऊल चुकते, त्यास तो पक्क्या पावलाच्या दोघांच्या मधोमध उभा करतो. ठाकरांच्या घरांतून कांबड नाच पाहत वाढलेल्या मुलांच्या अंगी ताल आधीच असतो. त्यांना ती पावले इतरांस दाखवावयास सांगितले, तर संकोच आपोआप ओसरतो. शाबासकी द्यावयाची तीही नेमकी. “आज तुझी बैठक पुरती खाली गेली,” या वाक्याने मुलाला आपण काय साधले ते समजते. सर्वांना सरसकट वाटलेली शाबासकी खोट्या नाण्यासारखी असते, आणि मुले ती सोनाराहूनही लवकर पारखतात.

अमेरिकेत १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठातील जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने प्रेक्षकांपुढे उभे राहून आपल्या संघासाठी तालबद्ध घोषणा देवविल्या. त्यातून खेळाडूंना प्रोत्साहन देणाऱ्या पथकांची प्रथा वाढली. पुढे १९२३ पासून तेथे मुलीही त्यांत येऊ लागल्या, आणि कालांतराने उड्या व मनोरे यांची भर पडली. दुसऱ्यांना धीर देणे हेच ज्यांचे काम, त्यांनाही शिकताना कोणीतरी धीर द्यावाच लागतो.

मनोऱ्याच्या वेळी तर हे फारच खरे ठरते. आपल्याकडेही लेझीमचा खेळ संपताना पुष्कळदा मनोरा रचतात. लेझीम बाजूला ठेवून धट्टीकट्टी मुले खाली बसतात, त्यांच्या खांद्यांवर दुसरा थर आणि सर्वांत वर हलक्या अंगाचे एखादे मूल चढते. तेथे ओरडून घाई करणे धोक्याचे असते. घाबरलेल्याचे गुडघे थरथरतात आणि ती थरथर खालच्या खांद्यांपर्यंत पोहोचते. ज्याला वर जाण्याची भीती वाटते, त्याने “नको” म्हटले तर ते ऐकून घ्यावे लागते. असा मुलगा खालच्या थरात किंवा हलगीजवळ उत्तम काम करतो. मनोरा उतरवितानाही वरचे मूल प्रथम खाली येते, मग मधला थर आणि शेवटी तळचे. टाळ्या मात्र, शेवटच्या मुलाचे पाय जमिनीस लागल्यावरच वाजवावयाच्या.