कुलवृत्तांतांतील एक उणीव

आपल्यांतील पुष्कळ घराण्यांचे कुलवृत्तांत छापून निघाले आहेत. मूळ पुरुष, गांव, विद्या, सोयरीक हें सर्व त्यांत सांपडतें. कोणास कोणत्या वयांत कोणता रोग जडला, हें मात्र क्वचितच. मधुमेहाच्या बाबतींत ही उणीव महाग पडणारी आहे.

सुश्रुतानें प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्त असे दोन भेद केले आणि पहिल्याचें कारण मातापित्यांचा बीजदोष असें सांगितलें. आजचें वर्गीकरण निराळें असलें, तरी 'बीजदोष' हा शब्द मधुमेहाच्या एका प्रकारास चपखल लागू पडतो. सामान्य मधुमेहांत अनेक जनुकांचा कल आणि आहारविहार यांचा मेळ असतो. परंतु शंभर मधुमेह्यांमध्यें एखाद-दुसऱ्यास तो एकाच जनुकांतील दोषानें होतो. अंगकाठी सडपातळ, वय पंचविशीच्या आंत, आणि आजोबा, वडील, मुलगी अशी सलग परंपरा दिसली, कीं त्याचा संशय घ्यावा. असा दोष आईकडून वा बापाकडून प्रत्येक अपत्यांत उतरण्याचा संभव रुपयांत आठ आणे असतो.

जनुकाचें नांव कळून लाभ काय? ग्लुकोकायनेज जनुकाचा दोष असेल, तर साखर किंचित चढी राहते, पण गरोदरपण वगळतां औषध बहुधा लागतच नाहीं. एचएनएफ-१-ए जनुकाचा असेल, तर सल्फोनिलयुरियाची स्वस्त गोळी अल्प मात्रेंतही चांगला गुण देते. सहा महिन्यांच्या आंत मधुमेह झालेल्या अर्भकाची तर ही जनुकपरीक्षा केलीच पाहिजे. अशा कित्येकांत इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशीचें पोटॅशियमचें दार उघडेंच राहतें; त्याच जातीच्या गोळीनें तें मिटतें. २००६ सालीं इंग्लंडांतील एक्झेटरच्या हॅटर्सले प्रभृतींनीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असा दोष असलेल्या ४९ रुग्णांपैकीं ४४ जणांचें इन्सुलिन सुटलें.

परीक्षेस थोडें रक्त पुरतें. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनसारख्या संस्थांत ती होते. मात्र ती सरसकट सर्वांसाठीं नव्हे, आणि डॉक्टरांच्या आज्ञेवांचून इन्सुलिन थांबविणें जिवावर बेतेल.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न घराण्याविषयीं असतो, आणि तेथेंच आपण अडतों. मुलीची सोयरीक मोडेल या भयानें आत्याचें इन्सुलिन पाहुण्यांपासून लपविलें जातें. मग त्याच मुलीस पुढें दिवस गेले असतां खरी हकीकत सांगणारें कोणी उरत नाहीं. तरी प्रत्येक घरच्या कर्त्या माणसानें एका वहींत रोग्याचें नांव, रोग लागला तें वय, अंगकाठी आणि औषध हें लिहून ठेवावें, आणि सासरीं जाणाऱ्या कन्येस त्याची एक प्रत द्यावी. तो तिचाही वारसा आहे.