जुन्या मोटारीचे दिवे

धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने १९४८ साली मध्यभारतात विलीन झाली व १९५६ पासून हा सारा मुलूख मध्यप्रदेशात मोडू लागला. संस्थाने गेली, तरी त्या काळी व नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत पेढ्यांवर आलेल्या मोटारी काही घरांत अद्यापि जपून ठेवलेल्या आहेत. लँडमास्टर, पहिल्या बनावटीची अँबॅसडर, फियाट अकराशे, एखादी विलायती मॉरिस किंवा ऑस्टिन. वडिलांनी वा आजोबांनी घेतलेली ही मोटार विकावी असे कोणासही वाटत नाही. मात्र ती रस्त्यावर काढावयाची म्हटली की पहिली तक्रार दिव्यांची येते. नव्या गाड्यांच्या झोतापुढे आमची मोटार म्हणजे कंदील लावलेली बैलगाडी, असे घरातील तरुण मंडळी म्हणतात, आणि लागलीच बाजारातून नवे दिवे आणून बसविण्याचा बेत ठरतो. या बेताविषयी सभासद बंधूंच्या उपयोगी पडेल तेवढे येथे मांडण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, हे दिवे ज्या काळासाठी घडविले गेले त्या काळी त्यांत काही उणे नव्हते. देवासहून इंदूर सुमारे पस्तीस किलोमीटर आणि धारहून इंदूर साठाच्या आसपास. मोटारीचा वेग बेताचा, समोरून येणारी वाहने थोडी. त्यातून आपल्या समाजात रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचण्याची चाल. त्यामुळे दिव्यांची म्हणावी तशी परीक्षा कधी झालीच नाही. आज आग्रा-मुंबई रस्ता चौपदरी आहे व रात्रंदिवस अवजड मालमोटारींनी भरलेला असतो. त्याच रस्त्यावरील धार जिल्ह्यातील गणपती घाट अपघातांमुळे कुप्रसिद्ध झाला. अशा रस्त्यावर मंद दिव्यांची मोटार घेऊन रात्री निघणे म्हणजे आपला व परक्याचा जीव धोक्यात घालणे होय. तेव्हा दिवे सुधारावेत की नाही हा प्रश्न उरत नाही. ते कसे सुधारावेत, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या मते नवा दिवा विकत घेण्यापूर्वी जुना दिवा मंद का झाला हे पाहावे. दिव्याला मिळणारा विजेचा दाब शेकडा दहाने घटला, तर प्रकाश शेकडा दहाने नव्हे, सुमारे तीसाने घटतो. पन्नास-साठ वर्षांच्या मोटारीत तारांची टोके हिरवी पडलेली असतात, स्विचचे पत्रे झिजलेले असतात, आणि मडगार्डाला जोडलेली अर्थची तार गंजाखाली दबलेली असते. बॅटरीपाशी बारा व्होल्ट आणि बल्बपाशी जेमतेम साडेदहा, असा प्रकार सर्रास आढळतो. जाड तारेचे नवे जोड दिले, अर्थ घासून पक्की केली आणि मध्ये रिले बसविला, तर दिव्याचा सारा विद्युत्प्रवाह जुन्या स्विचमधून न जाता बॅटरीतून थेट बल्बाकडे जातो. स्विच केवळ रिलेला आज्ञा देण्यापुरता उरतो. या कामास खर्च थोडा येतो, मोटारीचे रूप यत्किंचितही बदलत नाही, आणि जुनाच बल्ब नव्याने जन्मल्यासारखा प्रकाशतो. इंग्रजी बनावटीच्या बहुतेक जुन्या मोटारींत बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेले असते, हे मात्र मिस्त्रीस आधी बजावून सांगावे. आजचा मिस्त्री सवयीने उलटे जोडून मोकळा होतो.

दुसरे कारण परावर्तकाचे, म्हणजे बल्बामागील चकाकत्या वाटीचे. जुन्या दिव्यांत ही वाटी पितळेची असून तिच्यावर चांदीचा मुलामा असे. चांदी तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा नव्वदहून अधिक परत फेकते. पण ती काळवंडते, आणि हाताने पुसू गेल्यास तिच्यावर ओरखडे उठतात. पुष्कळ लोक ही वाटी क्रोमियमचा मुलामा देणाऱ्याकडे पाठवितात. वरून ती झगझगीत दिसते खरी, परंतु क्रोमियम शेकडा पासष्टच्या आसपासच प्रकाश परत फेकते. चांदीचा मुलामा पुन्हा करवून घेणे हाच खरा उपाय. चांदीच्या व्यवहारात मुरलेल्या आपल्या समाजास याहून अधिक सांगणे नको.

येथपर्यंत जुनी वस्तू ठिकाणावर आणण्याचा विचार झाला. आता नव्या वस्तूकडे वळू.

ज्या मोटारीत सहा व्होल्टची बॅटरी आहे, तिच्यात छत्तीस वॅटचा एक बल्ब सहा अँपिअर प्रवाह ओढतो. बारा व्होल्टवर तेवढ्याच प्रकाशास तीन अँपिअर पुरतात. म्हणून सहा व्होल्टच्या मोटारीत तारा दुप्पट जाड लागतात, आणि कोणी पातळ तार घातली की दिवा पिवळा पडतो. अँबॅसडरसारख्या बारा व्होल्टच्या मोटारीत सात इंची गोल दिवा असल्यामुळे हॅलोजनचा संपूर्ण दिवा, काच व वाटीसह, सहज बसतो. त्यातील एच-४ बल्बाचा अप्पर साठ वॅटचा व डिपर पंचावन्न वॅटचा. हे दोन दिवे डिपरवर मिळून नऊ अँपिअरांहून थोडे अधिक घेतात. जुना ल्यूकस डायनामो फार तर बावीस अँपिअर देतो, तोही इंजिन चांगले फिरत असताना. चौकात मोटार उभी राहिली की जवळजवळ काहीच देत नाही व सारा भार बॅटरीवर पडतो. एवढे जाणून वागले तर हॅलोजन दिवा हा मध्यम आणि सुरक्षित मार्ग आहे. काढलेले मूळ दिवे कापडात गुंडाळून, वर चिठ्ठी लावून ठेवावेत, म्हणजे पुढील पिढीला ते परत बसविता येतील.

बाजारात शंभर आणि नव्वद वॅटचे बल्बही मिळतात. त्यांनी होल्डर वितळतो, वाटीचा मुलामा उडतो आणि तारा तापतात. ते घेऊ नयेत. आणि आपल्यातील जे बंधू मोटारीच्या सुट्या भागांचा व्यापार करतात त्यांनी ते विकूही नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एलईडी बल्बाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आज सर्वाधिक विक्री त्याचीच चालते. एच-४ बल्बात डिपरच्या तंतूखाली धातूची एक लहानशी पन्हळ असते. तिच्यामुळे प्रकाश वाटीच्या केवळ वरच्या अर्ध्यावर पडतो आणि रस्त्यावर खाली उतरतो. समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. दिव्याची सारी रचना त्या बारीक तंतूच्या जागेवर बेतलेली असते. त्याच वाटीत एलईडीचा बल्ब खोचला की प्रकाशाचा उगम जागेवरून सरकतो, त्याचा आकारही बदलतो, आणि झोत चोहीकडे विखुरतो. चालकाला वाटते, केवढा प्रकाश पडला! प्रत्यक्षात दूरचा रस्ता पूर्वीइतकाच अंधारा राहतो आणि समोरून येणारा मात्र क्षणभर आंधळा होतो. त्यातून तो प्रकाश निळसर असेल तर वृद्ध डोळ्यांना अधिकच खुपतो. एलईडीसाठीच घडविलेला, प्रमाणित असा संपूर्ण दिवा ही गोष्ट निराळी. तो प्रवाहही कमी घेतो व डायनामोवर भार टाकत नाही. पण जुन्या मोटारीच्या चेहऱ्यावर तो परक्यासारखा दिसतो, हे आम्हांस लपविता येत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक-व्यवहार, म्हणजे खऱ्या मालाच्या नावाखाली खोटा माल देणे, आणि विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमाचे उल्लंघन, हे दोन्ही गणले आहेत. नामांकित कंपनीच्या डब्यात भलताच बल्ब घालून विकणे पहिल्यात बसते. मोटारीतील मनमानी फेरबदल दुसऱ्यात बसतो, कारण मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने अशा फेरबदलांवर बंधन घातले आहे.

कायद्याची आणखी एक बाजू आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीस पाच हजार. मुदत दहा वर्षे. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी की मोटार मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत फेरफार केलेला नसावा. बल्ब बदलल्याने ही अट मोडते असे नियमाच्या शब्दांत नाही. परंतु नवा दिवा बसविण्यासाठी मडगार्ड कापले तर तो बॉडीतील फेरफारच होय, आणि तपासणी समितीपुढे त्याचे उत्तर देता येणार नाही. शिवाय अशी नोंदणी केलेली मोटार प्रदर्शन, शर्यतफेरी, संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वापरास मनाई आहे. म्हणजे मोहनखेडा किंवा मांडवगड येथे कुटुंबासह दर्शनास जाण्यासाठी ती काढता येणार नाही. ज्यांना मोटार यात्रेसाठी हवी, त्यांनी जुनी साधी नोंदणीच नूतन करीत राहावी. आणि ज्यांना ती केवळ ठेवा म्हणून हवी, त्यांनी तारा व वाटी सुधारून थांबावे. दोन्ही एकदम साधू पाहणाऱ्यांची पुढे पंचाईत होते.

दिवे कोणतेही असोत, त्यांचा नेम धरल्यावाचून काम पुरे होत नाही. अमेरिकन बनावटीच्या मोटारींचा डिपर उजवीकडे झुकतो, कारण तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपल्याकडे तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. अशा दिव्यांच्या काचा वा संपूर्ण दिवे डाव्या बाजूच्या वाहतुकीचे घ्यावे लागतात. नेम पाहण्यासाठी गोदामाची भिंत पुरते. संध्याकाळी सपाट जागेवर मोटार भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करावी, चाकांत हवा नेहमीइतकी भरावी, चालकाच्या जागी कोणास तरी बसवावे. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढावी आणि डिपर लावावा. झोताची वरची कड त्या रेघेच्या सुमारे तीन इंच खाली आली पाहिजे. मागील आसनावर माणसे व डिकीत सामान भरले की मोटारीचे नाक वर उचलले जाते व नेम चुकतो. म्हणून यात्रेला निघण्यापूर्वी, सामान चढविल्यावर, हीच तपासणी पुन्हा एकदा करावी.