पेढीपासून शाळेपर्यंत

पूर्वी आपल्या देशात आजच्यासारख्या बँका नव्हत्या. लोक आपला पैसा व दागिने विश्वासू व्यापाऱ्याच्या पेढीवर ठेवत. पैशांचा असा व्यवहार करणाऱ्यास सराफ म्हणत. उर्दूतील 'सर्राफ' तो हाच. मूळ शब्द अरबी आहे. पेढी विश्वासावर चाले. विश्वास गेला की पेढी बुडाली. म्हणून चांगले नाव हीच व्यापारी घराण्यांची खरी दौलत असे.

अशी घराणी इतर देशांतही होती. जर्मनीतील आउग्सबुर्ग शहराचा व्यापारी याकोब फुगर (१४५९-१५२५) एवढा धनवान होता, की राजेसुद्धा त्याच्याकडून कर्ज घेत. त्याने आपल्या शहरातील गरिबांसाठी घरे बांधली. ती आजही उभी आहेत.

मुंबईत असा लौकिक नाना शंकरशेठ यांच्या घराण्याचा होता. नानांचे नाव जगन्नाथ व आडनाव मुरकुटे; परंतु वडिलांच्या नावावरून लोक त्यांना शंकरशेठ म्हणत. त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. १८२२ मध्ये वडील वारले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्या वयात व्यापाराचा सारा भार त्यांच्यावर पडला. तो त्यांनी सचोटीने सांभाळला. अरब आणि अफगाण व्यापारीही आपली अमानत निर्धास्तपणे त्यांच्याकडे ठेवत.

नानांनी हे धन आणि हा विश्वास शहराच्या कामी लावला. १८४५ मध्ये रेल्वेसाठी जमलेल्या मंडळींत जमशेटजी जीजीभाई यांच्यासोबत नानाही होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. आज भंडारा रोड स्थानकावरून मुंबईस जाणारी गाडी शेवटी याच मार्गावरून जाते. मुलींनी शिकू नये असे बहुतेक लोक मानत, त्या काळात, १८४९ मध्ये, नानांनी मुलींच्या शाळेसाठी आपल्या वाड्यात जागा दिली.

नाना १८४० पासून सरकारच्या शिक्षण मंडळाचे सभासद होते. तेथे मोठा वाद निर्माण झाला. शाळांत शिक्षण कोणत्या भाषेतून द्यावे? मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे होते. नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिघे सभासद देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. एक हिंदू, एक पारशी व एक मुसलमान! कर्नल जर्व्हिस या इंग्रज सभासदानेही त्यांना साथ दिली.

नानांचा इंग्रजीला विरोध नव्हता. ते स्वतः उत्तम इंग्रजी जाणत. परंतु त्यांचे म्हणणे असे, की इंग्रजी थोड्यांनाच शिकता येईल. सामान्य लोकांपर्यंत ज्ञान पोचवायचे असेल, तर ते त्यांच्याच भाषेतून पोचवले पाहिजे. अध्यक्षांविरुद्ध मत देणे सोपे नव्हते. तरी १८४७ मध्ये नानांनी आपले मत लेखी मांडले. पुढे १८५४ मध्ये वुडच्या खलित्यानेही देशी भाषांतील शिक्षणाचे महत्त्व मान्य केले.

३१ जुलै १८६५ रोजी नानांचे निधन झाले.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही गणित, विज्ञान व इतिहास उर्दूतून शिकता आणि त्याबरोबर मराठी व इंग्रजीही शिकता. आपल्या भाषेतून शिकण्याच्या या हक्कासाठी पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईतील एक व्यापारी आपल्या मित्रांसह ठामपणे उभा राहिला होता, हे लक्षात ठेवा.