विनोदी गाणे चारचौघांत ऐकावे

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे कार्यकारिणीच्या मंडळींनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. बँकेत दिवसभर आकडे लिहिणाऱ्या माणसाने लेख तो काय लिहावा! त्यावर चिटणीस म्हणाले, "रविवारी वाचनालयाच्या खोलीत तुम्ही मंडळी जो गोंधळ घालता ना, त्यावरच लिहा." म्हणून हा लेख.

गोंधळ म्हणजे एवढाच, की महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अभ्यासिकेतली मुले घरी गेल्यावर आम्ही सात-आठ जण जुनी हिंदी चित्रपटगीते ऐकतो. तीही सगळी नव्हेत. फक्त विनोदी आणि उपहासाची, साधारण १९४७ ते १९७० या काळातली. बैठकीत एक निवृत्त पोस्टमन काका आहेत, गिरणीत आयुष्य काढलेले एक आजोबा आहेत, स्वतःचे केशकर्तनालय चालवणारे एक मामा आहेत, माझे एक तमिळभाषक सहकारी आहेत आणि कॉलेजात शिकणारी दोन मुले आहेत. पोस्टमन काकांकडे जाडजूड वह्या आहेत. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी १९८० पासून हिंदी चित्रपटगीतांचे जे कोश प्रसिद्ध केले, त्यांवरून काकांनी हाताने उतरवून घेतलेल्या नोंदी त्यांत आहेत. गायक कोण, गीतकार कोण, संगीत कोणाचे यावर वाद झाला की वही उघडायची आणि वाद मिटवायचा.

आमचा एक नियम आहे. गाण्याचा मुखडा कोणी सांगायचा नाही. चित्रपट आणि प्रसंग सांगायचा, गाणे बाकीच्यांनी ओळखायचे. तोच नियम मी या लेखातही पाळणार आहे. जाणत्या वाचकांच्या ओठांवर गाणी आपोआप येतील, आणि विद्यार्थी मित्रांनी ती घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावीत.

विनोदी गाणे म्हणजे वेळ घालवण्याचा प्रकार, असा एक समज आहे. असे गाणे लागले की पूर्वी थिएटरमधली निम्मी माणसे बिडी ओढायला बाहेर जात, असे सलूनवाले मामा सांगतात. मीही पुष्कळ वर्षे ही गाणी एकट्याने ऐकली आणि जॉनी वॉकरचा चेहरा आठवून हसलो. पण चार माणसांत बसून, गाणे मध्येच थांबवून, शब्द न् शब्द लावून ऐकू लागलो तेव्हा कळले की मी निम्मा विनोद सोडून देत होतो. कारण तो विनोद माझ्या धंद्यातला नव्हता. तो दुसऱ्या कोणाच्या तरी धंद्यातला होता.

याचे सर्वांत चांगले उदाहरण 'प्यासा' (१९५७) मधले मालीशवाल्याचे. गीत साहिर लुधियानवींचे, संगीत सचिनदेव बर्मन यांचे, आवाज मोहम्मद रफींचा. कलकत्त्यात तेलाच्या बाटल्या घेऊन फिरणारा जॉनी वॉकर गिऱ्हाईक शोधतो आहे. गाण्याच्या शेवटी तो म्हणतो की लहान-मोठा कोणीही असो, माझ्यापुढे सगळ्यांना मान खाली घालावी लागते. मी याचा अर्थ 'गरिबाचा स्वाभिमान' वगैरे लावत होतो. मामा म्हणाले, "अहो, तसं काही नाही. मान वाकवल्याशिवाय मालीश होतच नाही!" सगळे हसले. मग मामा थोडे थांबून म्हणाले, "माझ्या खुर्चीत साहेब बसला काय अन् हमाल बसला काय, मान माझ्याच हातात." म्हणजे माझा अर्थही चुकीचा नव्हता. पण साहिरांनी तो वरून चिकटवलेला नाही, कामाच्या हालचालीतूनच काढला आहे, हे मामांमुळे समजले. ज्या चित्रपटाचा नायक जगाला कंटाळलेला कवी आहे, त्यात जगाविषयी सर्वांत निर्धास्त बोलणारा हा मालीशवाला आहे.

येथे विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. त्या काळच्या चित्रपटांत नायकाच्या वाट्याला प्रेम आणि विरह येई. रस्ता, भूक, घरभाडे, पोलीस हे विषय बहुधा विनोदी नटाच्या वाट्याला येत. गीतकारांना हे चांगलेच माहीत होते. मजरूह सुलतानपुरी यांना स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत एका कवितेपायी तुरुंगवास भोगावा लागला होता. व्यासपीठावरून जे म्हणणे महागात पडले, तशाच जातीचे बोलणे पुढे त्यांनी विनोदी नटाच्या तोंडी घातले आणि ते गल्लोगल्ली गायले गेले. वेड्याचे सोंग घेतलेला माणूस खरे बोलून जातो. तमाशातल्या सोंगाड्याची बतावणी पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

मजरूहांचे तसे गाणे म्हणजे 'सी.आय.डी.' (१९५६) मधले मुंबईवरचे. संगीत ओ. पी. नय्यर यांचे, गायक रफी आणि गीता दत्त, पडद्यावर जॉनी वॉकर आणि कुमकुम. या शहरात जगणे अवघड आहे, येथे सगळे मिळते पण माणुसकी मिळत नाही, बेघराला भटक्या म्हणतात आणि दुसऱ्याचा गळा कापणाऱ्याला व्यापारी, असा तक्रारीचा सूर. आता पाहा, ही तक्रार करतो कोण? चित्रपटात जॉनी वॉकरचे पात्र खिसेकापूचे आहे! शहरात चोर फार झालेत, असे गाऱ्हाणे चोरच घालतो आहे. मग शेवटच्या कडव्यात कुमकुम त्याला उलटून उत्तर देते, की भोळेपणाचा आव आणू नकोस, येथे जो करतो तो भरतो, आणि अवघड असलेले जगणे ती एका शब्दाच्या फरकाने सोपे करून टाकते. रेडिओवर हे कडवे पुष्कळांच्या कानांवरून नुसते निघून जाते. पण तेच नसेल तर गाणे निव्वळ रडगाणे होईल.

चालीचीही एक गंमत आहे. ती 'क्लेमेंटाइन' या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन गाण्यावरून उचललेली आहे. त्यात खाणकामगाराची नऊ नंबरचे जोडे घालणारी मुलगी पाण्यात बुडते आणि तिचा प्रियकर शोक करतो. म्हणजे मूळ गाणेच रडक्या प्रेमगीतांची टिंगल करणारे. नय्यरसाहेबांना हे ठाऊक होते की नुसती चाल आवडली, कोण जाणे. पण थट्टेची चाल थट्टेच्याच घरी गेली.

या गाण्यात ट्राम आणि गिरण्या यांचाही उल्लेख येतो. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. गिरण्यांची घरघर १९८२ च्या संपानंतर लागली. आमच्यातल्या कॉलेजच्या मुलाने विचारले, "ट्राम कशी असायची?" गिरणीतल्या आजोबांनी त्याला अर्धा तास ट्राम सांगितली. गिरणीबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही. जॉनी वॉकर, म्हणजे बद्रुद्दीन काझी, चित्रपटात येण्यापूर्वी बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होते, आणि मद्यप्याच्या भूमिका गाजवणाऱ्या या नटाने स्वतः कधी दारू घेतली नाही, हे मात्र आजोबांनी अभिमानाने सांगितले. जणू ते त्यांच्याच खात्यातले!

माझ्या स्वतःच्या धंद्यातले गाणे 'चलती का नाम गाडी' (१९५८) मधले. पावसाळी रात्री मधुबालेची मोटार दुरुस्त करून दिली आणि पाच रुपये बारा आणे मजुरी राहून गेली, म्हणून किशोरकुमार ती मागतो. थकबाकीची इतकी सुरेल वसुली मी तरी पाहिलेली नाही. आमच्या पत्रांना असा ठेका असता तर कर्जदारांनी आनंदाने पैसे भरले असते! आणखी एक बारकावा. दशमान पद्धतीची नाणी १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाली. म्हणजे हा चित्रपट लागला तेव्हा हिशेबाने बारा आण्यांचे पंच्याहत्तर नवे पैसे झाले होते. पण लोकांच्या तोंडी आणेच होते, आणि 'पंच्याहत्तर नये पैसे' ठेक्यात बसले असते का, हे गुणगुणून पाहावे. 'मिस्टर अँड मिसेस ५५' (१९५५) मधले कचेरीतले गाणेही आम्हा कारकुनांचेच. कामाच्या जागी हरवलेली वस्तू शोधण्याचा बहाणा कशासाठी करतात, हे कोणत्याही कचेरीत बसलेल्यास कळते.

सगळ्याच गाण्यांवर असे एकमत होत नाही. 'पडोसन' (१९६८) मधला मन्ना डे आणि किशोरकुमार यांचा सामना लावला होता. राजेंद्र कृष्ण यांचे गीत, राहुलदेव बर्मन यांचे संगीत. त्यातल्या मुखड्याचे मूळ १९४१ च्या 'झूला' मध्ये अशोककुमारांनी गायलेल्या गाण्यात आहे, हे पोस्टमन काका सांगत होते. आम्ही पोट धरून हसत होतो आणि आमचे तमिळभाषक सहकारी गप्प होते. विचारले तेव्हा म्हणाले, "शाळेत मला हे गाणं त्या मास्तरच्या हेलात म्हणून दाखवायला लावायचे. रोज." ते रागाने बोलले नाहीत, त्यामुळे अधिकच लागले. दोन मिनिटे कोणाला काही सुचेना. गाणे बंद करू या, असे मी म्हटले. तेच म्हणाले, "बंद कशाला? नीट ऐका ना." मग पुन्हा लावले. आता असे दिसले, की मेहमूदच्या तोंडी असलेला मन्ना डे यांचा गळा हा त्या सामन्यातला शिकलेला गळा आहे. तो हरतो तो लबाडीपुढे. कारण सुनील दत्तला गाता येत नाही, तो ओठ हलवतो आणि आडून किशोरकुमार गातो. म्हणजे पार्श्वगायनाचीच थट्टा पडद्यावर उघड चालली आहे आणि शिकलेला माणूस फसतो आहे. तरीही हेलाची थट्टा उरतेच, ती या अर्थाने पुसली जात नाही. ते गाणे आम्ही अजूनही लावतो, पण कोणी हेल काढून म्हणत नाही.

विडंबन म्हटले की आम्हा मराठी माणसांना आचार्य अत्रे यांची 'झेंडूची फुले' (१९२५) आठवतात. बी.ए.ला ती आम्ही चवीने वाचली. अत्र्यांचा रोख कवींच्या लकबींवर होता. 'फिर सुबह होगी' (१९५८) मध्ये साहिरांनी केलेले विडंबन निराळ्या जातीचे आहे. हा चित्रपट डोस्टोव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट' वर बेतलेला. संगीत खय्याम यांचे, आवाज मुकेशचा, पडद्यावर राज कपूर. इक्बाल यांच्या एका प्रसिद्ध तराण्याचा थाट घ्यायचा, देशोदेशी आमचेच राज्य असे म्हणायचे आणि लगेच सांगायचे की राहायला घर मात्र नाही. येथे हसणे इक्बालांना नाही. एवढे मोठे शब्द ज्याच्या तोंडी घातले, तो माणूस फूटपाथवर झोपतो, हे हसणे आहे. खोली गेली, बसायचे बाकही गेले, इमारती धनिकांनी वाटून घेतल्या, असे ते गाणे पुढे जाते.

त्या दिवशी माझे बाबा मला बोलवायला म्हणून आले होते आणि चहासाठी थांबले. त्यांना गाण्यांचा शौक नाही. बाकाचा उल्लेख आला आणि ते एकदम मोठ्याने हसले. आम्ही गाणे थांबवले. बाबा १९७२ च्या दुष्काळात, सतराव्या वर्षी, गावाहून मुंबईला आले एवढेच मला ठाऊक होते. नातेवाइकांकडे उतरले असतील असे आम्ही धरून चाललो होतो. ते म्हणाले, "दोन महिने एका बागेतल्या बाकावर झोपत होतो. एक दिवस गेलो तर बाकच नाही. रंगवायला नेलेलं. मी आपला उभा, आता जायचं कुठं!" आणि पुन्हा हसले. मामा हसले, आजोबाही हसले. मला हसू आले नाही. घरी जाताना मी विचारले, "बाबा, हे कधी सांगितलं का नाहीत?" ते म्हणाले, "त्यात सांगण्यासारखं काय? गाण्यात आलं म्हणून आठवलं."

हल्ली ते चार वाजताच येऊन बसतात. मुखडा सांगायचा नाही हा नियम त्यांना काही केल्या पाळता येत नाही.

बैठकीला येऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन सूचना. मोबाईलवर गाणे काढता येते, पण मोबाईल प्रत्येकाच्या कानाला लावू नये. एका पेटीवर सर्वांनी ऐकावे. आणि पडद्यावरचे गाणे व ध्वनिमुद्रिकेवरचे गाणे दोन्ही ऐकावीत. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीनच मिनिटे मावत, त्यामुळे काही वेळा चित्रपटातले एखादे कडवे तबकडीवर नसते, आणि टोमणा नेमका त्याच कडव्यात असू शकतो.

पुढच्या खेपेला 'हाफ टिकट' (१९६२) मधले, प्राण आणि स्त्रीवेषातला किशोरकुमार यांचे गाणे घेणार आहोत. संगीत सलील चौधरी यांचे. त्यातले पुरुषाचे आणि बाईचे असे दोन्ही आवाज एकट्या किशोरकुमारचे आहेत. त्याबरोबर सी. रामचंद्र यांचे 'पतंगा' (१९४९) मधले टेलिफोनवरचे गाणेही आहे. ते पुणतांब्याचे, म्हणजे आपल्याच नगर जिल्ह्यातले, असे काका आताच बजावून सांगत आहेत. चहा संस्थेचा, साखर बेताची.