एक्स्प्लेनर : गिरण्या थांबल्या अन् लालबागचा तमाशाही, हनुमान थिएटर का बंद पडलं?

शेवगाव : गावच्या यात्रेत तमाशा बहुतेकदा फुकट पाहायला मिळतो, पैसे यात्रा कमिटी देते. मुंबईत मात्र एकेकाळी गिरणी कामगार स्वतःच्या पगारातून तिकीट काढून तमाशा पाहायचे. त्यांचं हक्काचं ठिकाण म्हणजे लालबागचं हनुमान थिएटर. ते कसं उभं राहिलं आणि का बंद पडलं, जाणून घेऊया.

सुरुवात कशी झाली?
पांडुरंग नेराळे यांनी १९४९ मध्ये हे थिएटर सुरू केलं. पुढे मुलगा मधुकर नेराळे यांनी ते सांभाळलं. त्याच सुमारास सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली होती. दत्तो वामन पोतदार यांच्या समितीनंतर अटी घालून परवानगी मिळाली, पण वगाची संहिता आधी तपासून घ्यावी लागे.

गर्दी कोणाची होती?
घाटावरून आलेल्या कामगारांची. कुटुंब गावाकडे, एका खोलीत अनेक जण, जेवण खाणावळीत. पाळी सुटली की गण, गौळण, बतावणी आणि वग पाहताना गाव भेटल्यासारखं वाटे.

मग काय बिघडलं?
१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारोंची नोकरी गेली, अनेकांनी गाव गाठलं. टीव्ही आणि व्हिडिओ आलेच होते, पण मूळ घाव पगारावर होता. तिकीट घेणाराच उरला नाही. १९९० च्या दशकात थिएटर बंद झालं.

कलाकारांवर काय परिणाम?
थिएटरमध्ये रोजच्या तिकिटावर पोट चालायचं. एक खेळ पडला तरी दुसऱ्या दिवशी भरून निघे. आता फडांची मोठी भिस्त यात्रेच्या सुपारीवर आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांमध्ये गावकरी तारखा ठरवतात. यात्रा रद्द झाली की त्या रात्रीची कमाई गेली. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे यात्रा भरल्या नाहीत, तेव्हा फडांवर उपासमारीची वेळ आली.

थोडक्यात : हनुमान थिएटर कायद्याच्या अटींमधून तरलं, प्रेक्षकांचा पगार बंद झाल्यावर मात्र तरलं नाही.