गादीवरचा माणूस उठल्यावर...

जुन्या बाजारपेठेतल्या कापडाच्या दुकानात गादीवर बसलेल्या शेटजींचा शब्द हाच दुकानाचा शब्द असतो. 'शेटनी सांगितलंय ना, मग काळजी नाही,' असे म्हणत गिऱ्हाईक निर्धास्तपणे घरी जाते. पुढे कधीतरी शेटजी थकतात आणि गादीवर मुलगा किंवा पुतण्या येऊन बसतो. पाटी तीच, माल तोच. पण गिऱ्हाईकाचे मन जरासे बिचकते. मग ते वळते वीस-पंचवीस वर्षे तिथे कापड मोजणाऱ्या नोकराकडे. 'काय हो, धुतल्यावर रंग जाणार नाही ना?' आणि तो नोकर खालच्या आवाजात सांगतो, 'हे नका घेऊ, ते घ्या.' त्या दिवशी एक कापड विकले जात नाही. पण दुकानाची पत मात्र तरते.

मायक्रोसॉफ्टसारख्या अवाढव्य कंपनीवरही अशीच वेळ आली होती. १९७५ साली बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन या दोन मित्रांनी ती सुरू केली. पुढची पंचवीस वर्षे मायक्रोसॉफ्ट म्हणजे गेट्स, हे समीकरण जगाच्या मनात पक्के झाले. पण १९९८ साली अमेरिकी सरकारने कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. त्या वेळी चित्रफितीवर नोंदवलेल्या साक्षीत गेट्स शब्दाशब्दावर अडून बसले, उडवाउडवीची उत्तरे देत राहिले. ती चित्रफीत न्यायालयात दाखवली गेली, तेव्हा संस्थापकाचा आवाज हे कंपनीचे बळ न राहता तिचे ओझे झाले. जानेवारी २००० मध्ये त्यांनी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची खुर्ची स्टीव्ह बामर यांना दिली. १५ जून २००६ रोजी त्यांनी जाहीर केले, की दोन वर्षांनी आपण दैनंदिन कामातून बाहेर पडू आणि आपल्या धर्मादाय प्रतिष्ठानाला अधिक वेळ देऊ.

मधल्या वर्षांत मायक्रोसॉफ्टच्या वतीने जगाशी बोलले कोण? जाहिरात खाते होते, वकीलही होते. पण लोकांना त्यांचा कंटाळा आला होता. अशा वेळी एक निराळाच आवाज पुढे आला, तो कर्मचाऱ्यांचा. इंटरनेटवर 'ब्लॉग' नावाची उघडी रोजनिशी लिहिण्याची लाट तेव्हा नवी होती. २००३ साली कंपनीत आलेला रॉबर्ट स्कोबल हा त्यातला सर्वांत गाजलेला लेखक. हा काही मोठा अधिकारी नव्हता. पण प्रतिस्पर्ध्याचा माल चांगला असेल तर तो चांगला म्हणे आणि आपल्या कंपनीचे चुकले तर तेही लिही. गंमत अशी, की टीका करणाऱ्या या माणसामुळेच लोकांचा कंपनीविषयीचा राग निवळू लागला. 'दि इकॉनॉमिस्ट'ने २००५ साली त्याला, कंपनीत माणुसकी आणणारा मुख्य अधिकारी, अशा अर्थाची गमतीदार पदवीच देऊन टाकली.

एप्रिल २००४ मध्ये स्कोबल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'चॅनल नाइन' सुरू केले. कॅमेरा घेऊन अभियंत्यांच्या खोलीत जायचे, त्यांच्याशी गप्पा मारायच्या आणि त्या जगाला दाखवायच्या. या नावामागची कथा मोठी बोलकी आहे. अमेरिकेतल्या एका विमान कंपनीत प्रवाशाने कानाला यंत्र लावून नऊ क्रमांकाची वाहिनी लावली, की वैमानिकाचे संभाषण ऐकू येई. विमान हादरे खात असले, तरी समोरचा माणूस शांतपणे बोलतो आहे हे कानावर पडले, की भीती कमी होते. विश्वासाची याहून साधी व्याख्या कोणती?

सगळेच आवाज असे नावानिशी उमटले नाहीत. २००४ सालापासून 'मिनी-मायक्रोसॉफ्ट' या टोपणनावाने एक कर्मचारी लिहू लागला. कंपनी फुगत चालली आहे, ती आटोपशीर करा, हा त्याचा धोशा. विभागातल्या माणसांची प्रतवारी लावून ठरावीक जणांना खालचा शेरा द्यायचाच, या पद्धतीवर तर त्याने झोड उठवली. आपल्या वर्गात सगळी मुले हुशार असली, तरी दोन-चार नापास करायचीच, असा तो प्रकार! मे २००६ मध्ये कंपनीने या पद्धतीत बदल जाहीर केले. ती पुरती मोडीत निघायला मात्र नोव्हेंबर २०१३ उजाडावा लागला.

अशा बोलण्याची किंमतही असते. ऑक्टोबर २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आवारात प्रतिस्पर्धी अ‍ॅपलचे संगणक उतरवले जात असल्याचे छायाचित्र एका कंत्राटी तरुणाने आपल्या ब्लॉगवर टाकले. त्याचे काम गेले. प्रामाणिक टीका कुठे संपते आणि घरातली गोष्ट वेशीवर टांगणे कुठे सुरू होते, ही रेघ धूसर असते. ती ओलांडल्याचा दंड भरतो तो मात्र सर्वांत खालचा माणूस. आपल्या घरातली मुले-मुली हिंजवडीला किंवा बंगळूरला नोकरी करत असतील, तर आईवडिलांची 'कशाला लिहितोस बाबा?' ही काळजी खोटी नव्हे.

आणखी एक योगायोग पाहा. गेट्स यांची घोषणा होण्याच्या काही दिवस आधीच बातमी फुटली होती, की स्कोबलही एका छोट्या नव्या कंपनीत चालला आहे! संस्थापक आणि ज्याच्या तोंडून कंपनी बोलत होती तो नोकर, दोघांच्या जाण्याची बातमी एकाच आठवड्यात आली. कंपनीत तेव्हा सत्तर हजारांहून अधिक माणसे होती. तरीही लोक विचारू लागले, आता बोलणार कोण?

हा प्रश्नच खरे तर उत्तर सांगून जातो. एका संस्थापकाच्या आवाजावर अवलंबून राहणे जितके धोक्याचे, तितकेच एका लोकप्रिय नोकराच्या आवाजावर. आवाज वारसाहक्काने मिळत नाही, नेमणूकपत्राने तर नाहीच. तो टिकतो एका सवयीतून. खालच्या माणसाला खरे बोलता आले पाहिजे आणि वरच्याने ते ऐकून काहीतरी बदलले पाहिजे. यातले दुसरे घडले नाही, तर पहिल्याला नुसत्या तक्रारवहीचे मोल उरते. आणि लिहिणारा प्रसिद्धी खात्याच्या सांगण्यावरून लिहितो आहे, हे वाचकाला दोन ओळींत कळते. कापड दुकानातल्या गिऱ्हाईकाला कळते, तसेच.

'हे नका घेऊ, ते घ्या,' म्हणणाऱ्या नोकरावर नवे शेटजी डोळे वटारतील, तर तो उद्यापासून गप्प बसेल. दुकान चालूच राहील, पाटीवरचे नावही तेच राहील. फक्त आपण रंगाबद्दल विचारायला दुसऱ्या दुकानात जाऊ.