दम कुठून आला?

नरडाण्याला मुंबई-आग्रा महामार्ग लागून आहे आणि सुरत-भुसावळ रेल्वेही. शिंदखेडा तालुक्यातल्या या पट्ट्यात कापूस, ज्वारी, बाजरी पिकते आणि उन्हाळ्यातली खोल नांगरट इंजिनाचा कस काढते. नांगर रुतला, सायलेन्सरनं काळा धूर ओकला आणि इंजिन बसायला लागलं, की मालकाच्या तोंडी अहिराणी वाक्य ठरलेलं: "यामा आते दम नही राह्यना." हा दम वाढवायचा कसा, याची गेल्या साठ वर्षांत निरनिराळी उत्तरं निघाली. त्यातलं सर्वांत मोहात पाडणारं उत्तर म्हणजे क्रँकवर काम करून स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, वाढवणं.

भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर 1959 साली फरिदाबादच्या आयशर कारखान्यातून बाहेर पडला. महाराष्ट्राच्या दृष्टीनं महत्त्वाचं वर्ष 1963. महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि मुंबईत कांदिवलीला बी-275 बनू लागला. मूळ घडण इंग्लंडमधली. चार सिलिंडर, 85.7 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), 101.6 मिमी स्ट्रोक, सुमारे 2350 सीसी आणि 35 अश्वशक्ती. थंडीत चालू करायला ग्लो प्लग तापवावे लागत, कारण डिझेल थेट सिलिंडरात न पडता शेजारच्या छोट्या कप्प्यात पेटे.

त्या काळात ताकद वाढवायची म्हणजे बोअर वाढवायचा, हीच बहुतेकांची रीत होती. बी-275 चा थोरला भाऊ बी-414. त्याचा स्ट्रोक तोच, बोअर मात्र 88.9 मिमी, म्हणजे सुमारे 2520 सीसी. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्याच अमेरिकेतल्या फार्मॉल एमचा 1952 मध्ये सुपर एम झाला, तेव्हाही बोअर 3.875 इंचांवरून चार इंचांवर गेला आणि सव्वापाच इंचांचा स्ट्रोक जागेवर राहिला. पर्किन्सचं पी-3 इंजिन आणि त्यानंतरचं, मॅसी फर्ग्युसनमुळे घरोघरी पोचलेलं तीन सिलिंडरचं इंजिन यांतही पाच इंचांचा स्ट्रोक कायम होता. कारण व्यवहारी आहे. बोअर वाढवला तर लायनर, पिस्टन, रिंगा आणि हेड गॅस्केट बदलून भागतं. स्ट्रोकला हात घातला की अख्ख्या इंजिनाची मापं हलतात.

ती कशी हलतात, हे क्रँकशेजारी बसून पाहिलं पाहिजे. कनेक्टिंग रॉड ज्या जर्नलवर बसतो त्याचं केंद्र मेन जर्नलच्या केंद्रापासून जितकं लांब, त्याच्या दुप्पट स्ट्रोक. घासलेला क्रँक आपल्याकडे ग्राइंडिंगला जातो तेव्हा दहा, वीस, तीस अशा अंडरसाइजवर येतो, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत. तीस म्हणजे पाऊण मिलिमीटर. हेच ग्राइंडिंग केंद्र बाजूला सरकवून केलं, तर जर्नलचं केंद्र जास्तीत जास्त अर्ध्या अंतरानं, म्हणजे 0.38 मिमी सरकतं आणि स्ट्रोक पाऊण मिमीनं वाढतो. बी-275 मध्ये एवढ्यानं चारही सिलिंडर मिळून जेमतेम 17 सीसी पदरात पडतात. एक टक्कासुद्धा नाही. याउलट बोअर 85.7 वरून 88.9 वर नेला की साडेसात टक्के वाढ होते.

मग वेल्डिंग करून जर्नल एका बाजूनं जाड करायचं आणि त्यातून नवं जर्नल काढायचं, हा दुसरा मार्ग. अमेरिकेतल्या ट्रॅक्टर ओढण्याच्या शर्यतींसाठी तो चोखाळला जातो. पण वेल्डिंगच्या उष्णतेनं क्रँक वाकतो, जर्नलचा कठीण केलेला थर मऊ पडतो आणि कडेच्या गोलाईत चीर सुरू होते. शर्यत काही सेकंदांची असते, नांगरट दिवसभराची.

एवढं करून क्रँक टिकला तरी प्रश्न संपत नाहीत. समजा केंद्र 4.2 मिमी सरकलं. पिस्टन तेवढाच वर येणार, आणि डिझेल इंजिनात पिस्टन व हेड यांत साधारण मिलिमीटरभरच जागा असते. म्हणजे पिनचं भोक वर घेतलेला पिस्टन हवा, नाहीतर आखूड रॉड. खाली बिग एंडचा घेर वाढून तो ब्लॉकला घासतो का, हेही तपासायला हवं. ज्वलनाची जागा तीच ठेवली तर 17 ला 1 धरलेलं कॉम्प्रेशन 18 च्या वर जातं. पिस्टनचा वेगही 2000 फेऱ्यांना सेकंदाला 6.8 मीटरवरून 7.3 वर चढतो.

मी 4.2 हा आकडा उगाच घेतला नाही. महिंद्रानं पुढं नेमकं हेच केलं, पण कारखान्यात. 88.9 मिमी बोअर राखून स्ट्रोक 101.6 वरून 110 वर नेला, आणि चार सिलिंडरच्या 475 व 575 डीआयला 2730 सीसी मिळाले. त्यासाठी वेल्डिंग लागलं नाही, नवा क्रँक घडवला गेला. फोर्डच्या तीन सिलिंडरच्या घराण्यातही एकाच 4.2 इंच बोअरवर 3.8 आणि 4.2 इंच अशा दोन स्ट्रोकची इंजिनं निघाली. तिथंही क्रँक मुळातच वेगळा होता.

खरी गंमत 275 या आकड्यात आहे. बी-275 चे चार सिलिंडर होते. पुढच्या 275 डीआयला तीनच, एकूण 2048 सीसी. स्ट्रोक वाढला, पण एक सिलिंडर गेल्यामुळे आकारमान तीनशे सीसींनी घटलं. तरी अश्वशक्ती 35 वरून 39 झाली! त्या 'डीआय'मध्ये, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनमध्ये, उत्तर आहे. डिझेल आता थेट पिस्टनच्या खळग्यात उडतं, उष्णता कमी वाया जाते आणि त्याच थेंबातून जास्त काम निघतं. लांब स्ट्रोक म्हणजे जास्त ताकद ही समजूत अर्धीच खरी आहे. ताकद ठरते ती आत किती हवा जाते, तिच्यात किती डिझेल नीट जळतं आणि फेऱ्या किती मिळतात यावर.

कायद्याची बाजूही आहे. सीसी आरसीवर नोंदलेले असतात, आणि मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 त्या नोंदींशी विसंगत फेरफाराला मनाई करतं.

म्हणून दम गेलेल्या जुन्या बी-275 ला आधी त्याचाच दम परत द्यावा. नोझल तपासावेत, पंप कॅलिब्रेट करून घ्यावा, कॉम्प्रेशन मोजावं, व्हॉल्व्ह घासावेत, एअर क्लीनरचं तेल बदलावं. पंप वाढवून धूर काढला की चार दिवस जोर वाटतो आणि मग पिस्टन जळतो. एवढं करूनही खोल नांगरटीला तो कमी पडत असेल, तर त्याला पेरणी-फवारणीला ठेवावं आणि नांगरायला जास्त सीसीचा ट्रॅक्टर भाड्यानं सांगावा. क्रँकवरच्या खर्चापेक्षा ते भाडं स्वस्त पडतं.